विश्लेषण : काचेवर फास्टॅग, खात्यात पैसे, तरीही टोलनाक्यावर गाडी का अडते?

शनिवारची सकाळ. पुण्याहून साताऱ्याकडे निघालेल्या गाड्यांची खेड शिवापूर टोलनाक्यावर रांग लागली आहे. पुढची गाडी सुटते, पण मागच्या गाडीसमोरचा अडथळा काही वर जात नाही. कर्मचारी हाताने खूण करून गाडी थोडी मागे घ्यायला सांगतो, मग पुन्हा पुढे. शेवटी हातातला स्कॅनर काचेजवळ धरतो आणि म्हणतो, ‘‘साहेब, टॅग ब्लॅकलिस्ट दाखवतोय.’’ चालक मोबाइल पुढे करतो. ‘‘अहो, हे बघा, साडेसहाशे रुपये शिल्लक आहेत!’’ तोवर मागून हॉर्न सुरू झालेले असतात.

नाक्यावर रोज कुठे ना कुठे घडणाऱ्या या वादात बहुतेक वेळा दोघेही खरे बोलत असतात. कारण टॅग ‘वाचला जाणे’ आणि टॅग ‘चालणे’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली गोष्ट काचेवर ठरते, दुसरी बँकेच्या नोंदींत. १५ फेब्रुवारी २०२१ च्या मध्यरात्रीपासून राष्ट्रीय महामार्गांवरील सर्व मार्गिका फास्टॅगच्या झाल्या. १ एप्रिल २०२५ पासून सार्वजनिक बांधकाम विभाग आणि राज्य रस्ते विकास महामंडळाच्या टोलनाक्यांवरही फास्टॅग बंधनकारक झाला. त्यामुळे हा फरक ठाऊक नसणे आता खिशाला महाग पडू शकते.

टॅगच्या आत असते काय?

पैसे नसतात, हे आधी लक्षात घ्यायला हवे. फास्टॅगमध्ये बॅटरीही नसते. कागदासारख्या दिसणाऱ्या त्या पट्टीत एक छोटी चिप आणि तिला जोडलेली धातूची पातळ अँटेना असते. नाक्यावरील रीडर ८६५ मेगाहर्ट्झच्या आसपासच्या रेडिओ लहरी सोडतो. त्या लहरींतूनच चिपला पुरेल एवढी ऊर्जा मिळते आणि ती आपला क्रमांक परत पाठवते. तंत्रज्ञानाच्या भाषेत याला पॅसिव्ह आरएफआयडी म्हणतात.

यानंतरचे काम नाक्याबाहेर होते. टोलनाका हा क्रमांक आपल्या बँकेकडे पाठवतो. ती बँक भारतीय राष्ट्रीय देयके महामंडळाच्या, म्हणजे एनपीसीआयच्या यंत्रणेमार्फत तुमचा टॅग देणाऱ्या बँकेपर्यंत पोहोचते. तिथे टॅग, गाडीचा क्रमांक, गाडीचा वर्ग आणि टॅगची सद्यःस्थिती जुळवून पाहिली जाते. सगळे जुळले तर रक्कम वळती होते आणि तुम्हाला संदेश येतो. नाक्यावरच्या संगणकाला मात्र तुमच्या खात्यात किती पैसे आहेत हे दिसतच नाही. त्याला एवढेच कळते की हा टॅग चालू आहे की अडवलेल्यांच्या यादीत. त्यामुळे कर्मचाऱ्यासमोर ॲपमधील शिल्लक नाचवून काही साध्य होत नाही.

काचेवर नेमका कुठे लावायचा?

पुढच्या काचेच्या आतल्या बाजूने, वरच्या भागात मध्यभागी, आरशाच्या मागे. जागा आधी कोरड्या, स्वच्छ कापडाने पुसून घ्यावी. चिकटवण्यापूर्वी टॅगवरील क्रमांकाचा फोटो काढून ठेवावा, तक्रारीच्या वेळी तो लागतो. मग मागचा कागद काढून टॅग एका दमात, सुरकुती न पडू देता चिकटवावा. तो घडी घालून पाकिटात ठेवू नये, कारण अँटेनाला भेग पडली की टॅग गेलाच.

काही नव्या गाड्यांच्या काचेला उष्णता रोखणारा धातूयुक्त थर असतो. तो रेडिओ लहरींनाही अडवतो. अशा काचेवर आरशाजवळ टॅगसाठी खास जागा मोकळी सोडलेली असते आणि गाडीच्या पुस्तिकेत ती दाखवलेली असते. टॅग चार बोटे इकडे-तिकडे लागला तरी मग प्रत्येक नाक्यावर ‘गाडी मागे घ्या’ सुरू होते. डॅशकॅम किंवा मोबाइलचा स्टँड टॅगच्या अगदी समोर असेल तरीही वाचनात अडथळा येऊ शकतो.

टॅग न चिकटवता डॅशबोर्डवर ठेवणे किंवा नाका आला की हातात धरून दाखवणे, ही सवय अनेकांना आहे. काच खराब होऊ नये हे एक कारण. एकच टॅग दोन गाड्यांसाठी वापरणे, हे न सांगितले जाणारे दुसरे. मुळात टॅगची अँटेना काचेवर चिकटलेली असताना नीट चालेल अशा बेताने बनवलेली असते, त्यामुळे हातातला टॅग वाचला जाण्याची खात्री नसते. शिवाय जुलै २०२५ मध्ये राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाने असे सुटे टॅग आढळल्यास टोल यंत्रणेने तत्काळ कळवावे आणि ते काळ्या यादीत टाकावेत, असे धोरण जाहीर केले. म्हणजे काच जपण्याच्या नादात टॅगच बंद होऊ शकतो.

मग ‘ब्लॅकलिस्ट’ कोण करते?

टोलनाका नाही. टॅग कोणत्या यादीत आहे हे ठरते ते तो देणाऱ्या बँकेच्या नोंदींवरून. नाक्यावर भांडून ते बदलत नाही, हे कटू असले तरी खरे आहे. कारणे मात्र अनेक असतात. शिल्लक संपणे हे त्यातले सर्वात साधे.

केवायसी अपूर्ण असणे हे दुसरे. टॅग घेताना दिलेला मोबाइल क्रमांक बंद झालेला असतो, बँकेचे संदेश त्याच क्रमांकावर जात राहतात आणि मालकाला पत्ताच नसतो. एका गाडीवर दोन टॅग असणे हे तिसरे. ‘एक वाहन, एक फास्टॅग’ धोरणानंतर नवा टॅग सुरू झाला की जुना बाद होतो. घरात जुना टॅग ॲपशी जोडलेला आणि काचेवर नवा, अशी स्थिती असेल तर लोक जुन्याच टॅगमध्ये पैसे भरत राहतात. सुरुवातीच्या प्रसंगातील साडेसहाशे रुपये अनेकदा असेच दुसऱ्या टॅगमध्ये पडलेले असतात.

पेटीएम पेमेंट्स बँकेच्या ग्राहकांना २०२४ मध्ये याचा वेगळा अनुभव आला. रिझर्व्ह बँकेच्या निर्बंधांनंतर १५ मार्च २०२४ पासून त्या टॅगमध्ये नव्याने पैसे भरता येणार नव्हते, शिल्लक रक्कम मात्र वापरता येणार होती. अनेकांनी दुसऱ्या बँकेचा टॅग घेतला. त्या वेळी जुना टॅग काचेवरून काढायचा राहून गेला असेल, तर एकाच काचेवर दोन टॅग राहतात आणि रीडरला दोघांचेही क्रमांक मिळू शकतात. जुना टॅग खरवडून काढावा. पूर्ण निघाला नाही तरी चालेल, तो फाटला की निकामी होतो.

नवी गाडी घेतलेल्यांसाठी आणखी एक सापळा आहे. शोरूममधून मिळणारा टॅग बऱ्याचदा चॅसिस क्रमांकावर नोंदवलेला असतो, कारण तेव्हा नंबर प्लेट आलेली नसते. नोंदणी क्रमांक मिळाला की तो ९० दिवसांच्या आत बँकेकडे नोंदवणे अपेक्षित आहे. गाडी घेतल्यानंतरच्या धावपळीत हे काम हमखास मागे पडते. टॅग सुरुवातीला व्यवस्थित चालतो आणि चौथ्या-पाचव्या महिन्यात अचानक बंद होतो, त्यामागे बहुतेकदा हेच कारण असते.

हे सगळे घरबसल्या कसे कळेल?

एनपीसीआयच्या संकेतस्थळावर फास्टॅगची स्थिती तपासण्याची सोय आहे. गाडीचा क्रमांक टाकला की त्या गाडीच्या नावावर कोणत्या बँकेचे कोणते टॅग आहेत आणि त्यातला कोणता चालू आहे, हे दिसते. बँकेच्या ॲपमध्ये फक्त त्या बँकेपुरते चित्र दिसते, इथे सगळ्या बँकांचे. लांबच्या प्रवासाआधी हवा आणि पेट्रोल पाहतो तसे हे दोन मिनिटांत पाहून घेता येते. दिसणारा टॅग क्रमांक काचेवरच्या टॅगशी, म्हणजे आधी काढून ठेवलेल्या फोटोशी, ताडून पाहिला की निम्मी कोडी तिथेच सुटतात.

‘केवायव्ही’ नावाने गाडीचे आणि टॅगचे फोटो मागणाऱ्या पडताळणीने मध्यंतरी वाहनधारकांना बराच मनस्ताप दिला होता. प्राधिकरणाने १ फेब्रुवारी २०२६ पासून कार, जीप आणि व्हॅनच्या नव्या टॅगसाठी ही पायरी बंद केली. जुन्या टॅगबाबत तक्रार आली तरच ती करावी लागेल, असेही जाहीर केले. मात्र ‘केवायव्ही करा नाही तर टॅग बंद’ असे लिंकसह येणारे संदेश थांबलेले नाहीत. अशा लिंकवर ओटीपी देऊ नये, बँकेचे ॲप स्वतः उघडून पाहावे.

रांगेत उभे राहून रिचार्ज केले तर?

या प्रश्नावरून फेब्रुवारी २०२५ मध्ये मोठा गोंधळ उडाला होता. १७ फेब्रुवारीपासून लागू झालेल्या एनपीसीआयच्या परिपत्रकानुसार, टॅग वाचला जाण्याच्या ६० मिनिटांहून अधिक आधीपासून तो अडवलेल्यांच्या यादीत असेल आणि वाचल्यानंतर १० मिनिटांपर्यंतही तसाच असेल, तर व्यवहार नाकारला जातो. ‘नाक्यावर रिचार्ज केले तरी आता दुप्पट टोल’ असा त्याचा अर्थ समाजमाध्यमांवर पसरला. परिपत्रकात दोन्ही अटी एकत्र आहेत, हे त्या घाईत सुटले.

त्यानंतर महामार्ग प्राधिकरणाने स्पष्ट केले की परिपत्रक हे बँकांमधील वाद सोडवण्यासाठी आहे. राष्ट्रीय महामार्गांवरील नाक्यांना टॅगची स्थिती त्या क्षणी समजते, त्यामुळे नाका ओलांडण्यापूर्वी कधीही रिचार्ज करता येते. राज्य महामार्गांवरील काही नाके मात्र तेव्हा जुन्या पद्धतीवर होते. तिथे टॅगची यादी ठरावीक वेळाने अद्ययावत होते, म्हणून आत्ता भरलेले पैसे लगेच दिसतील असे नाही. सोपा उपाय म्हणजे पैसे घरून निघतानाच भरणे. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२४ मध्ये फास्टॅगसाठी आपोआप रिचार्जची वाटही सुलभ केली आहे. शिल्लक ठरावीक रकमेखाली गेली की जोडलेल्या खात्यातून पैसे भरले जातात, त्यासाठी दर वेळी पूर्वसूचनेची गरज नाही.

कारसाठी टॅगमध्ये किमान शिल्लक ठेवण्याची सक्ती २०२१ मध्येच काढली गेली. शिल्लक उणे नसेल तर गाडी सोडली जाते. कमी पडलेली रक्कम बँक अनामत रकमेतून घेते आणि पुढच्या रिचार्जमधून भरून काढते. त्यामुळे ५०० रुपये भरले आणि ४२० च दिसले, तर लगेच फसवणुकीचा संशय घेण्याआधी मागचा व्यवहार पाहावा.

दुप्पट कधी, सव्वापट कधी?

राष्ट्रीय महामार्गांच्या शुल्क नियमांत नोव्हेंबर २०२५ मध्ये बदल झाला. चालू फास्टॅग नसताना आलेल्या वाहनाने रोख भरल्यास दुप्पट आणि यूपीआयने भरल्यास सव्वापट शुल्क, अशी तरतूद १५ नोव्हेंबरपासून लागू झाली. समजा टोल १०० रुपये आहे, तर रोख २०० आणि यूपीआयने १२५. कर्मचारी रोख मागत असेल तर यूपीआयचा पर्याय विचारून घ्यावा.

आणि चूक नाक्याची असेल तर? ही तरतूद फार थोड्यांना ठाऊक आहे. टॅग चालू आहे, शिल्लक पुरेशी आहे, पण नाक्यावरील यंत्रणा बिघडल्याने पैसे घेता येत नाहीत, अशा वेळी वाहनाला कोणतेही शुल्क न घेता सोडावे आणि शून्य रकमेची पावती द्यावी, असे २०१८ च्या दुरुस्तीत म्हटले आहे. अट अर्थातच ‘चालू टॅग’ ही आहे. म्हणून अशा वादात ॲपमधील शिल्लक नव्हे, तर टॅगची चालू स्थिती दाखवणे महत्त्वाचे. नाक्यावर ऐकले जात नसेल तर १०३३ या हेल्पलाइनवर तिथूनच तक्रार नोंदवावी आणि दिलेल्या पैशांची पावती जपून ठेवावी.

वार्षिक पास घेतला, तरी पैसे का कापले?

१५ ऑगस्ट २०२५ पासून खासगी कार, जीप आणि व्हॅनसाठी वार्षिक पास सुरू झाला. सुरुवातीची किंमत ३,००० रुपये. मुदत एक वर्ष किंवा २०० फेऱ्या, यातले जे आधी संपेल ते. पास ‘राजमार्गयात्रा’ ॲपवरून आहे त्याच टॅगवर सुरू होतो. मात्र टॅग काचेवर नीट लावलेला आणि गाडीच्या नोंदणी क्रमांकाशी जोडलेला हवा, फक्त चॅसिस क्रमांकावरील टॅगला पास मिळत नाही.

इथे ‘फेरी’ म्हणजे जाऊन-येऊन नव्हे, तर एक नाका ओलांडणे. पुणे-सातारा प्रवासात खेड शिवापूर आणि आनेवाडी असे दोन नाके लागतात. म्हणजे जाऊन-येऊन चार फेऱ्या संपतात आणि २०० फेऱ्यांत अशा ५० वाऱ्या होतात. दर आठवड्याला गावी जाणाऱ्यासाठी पास जवळपास वर्षभर पुरतो आणि सुरुवातीच्या किमतीनुसार एक नाका १५ रुपयांत पडतो. गणपती आणि दिवाळी अशा दोनच फेऱ्या करणाऱ्याला त्याची गरज नाही. प्रवेश आणि निर्गमन अशा दोन्ही ठिकाणी नोंद होणाऱ्या बंदिस्त मार्गावर मात्र दोन्ही मिळून एकच फेरी धरली जाते.

खरी गल्लत पुढे होते. हा पास राष्ट्रीय महामार्ग आणि राष्ट्रीय द्रुतगती मार्गांपुरता आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी महामार्ग आणि अटल सेतू हे राज्याच्या यंत्रणांचे रस्ते आहेत, तिथे पास चालत नाही. पासचे पैसे आणि टॅगच्या पाकिटातले पैसे वेगवेगळे असतात. पास घेतला म्हणून पाकीट रिकामे ठेवून साताऱ्याहून निघालेली गाडी पुण्यापर्यंत बिनदिक्कत येते आणि द्रुतगती मार्गाच्या नाक्यावर ‘शिल्लक नाही’ म्हणून अडते. मुंबई-पुणे प्रवासासाठी कारचा टोल १ एप्रिल २०२३ पासून ३२० रुपये झाला, अटल सेतूवर एकेरी प्रवासाला २५० रुपये लागतात. पास असला तरी तेवढी रक्कम पाकिटात हवीच.

पास नसेल तरी राष्ट्रीय महामार्गांवर २४ तासांत परतणाऱ्यास दोन्ही वेळचे मिळून दीडपटच शुल्क लागते. ही सवलत टॅगमधून आपोआप मिळते, वेगळी पावती घ्यावी लागत नाही. नाक्यापासून २० किलोमीटरच्या आत राहणाऱ्यांना मासिक पासही मिळतो.

गाडी विकली, टॅग कोणाचा?

टॅग गाडीवर चिकटलेला असला तरी पाकीट आधीच्या मालकाचे असते. आरसी नव्या मालकाच्या नावावर होते, विमा बदलतो, पण काचेवरच्या पट्टीकडे कोणाचे लक्ष जात नाही. मग नवा मालक कोल्हापूरला जातो आणि टोलचा संदेश जुन्या मालकाच्या मोबाइलवर वाजतो. आपोआप रिचार्ज लावलेले असेल तर पैसे महिनोन्महिने जात राहतात. याची दुसरी बाजूही आहे. जुन्या मालकाने टॅग बंद केला नाही तर नव्या मालकाला त्याच क्रमांकावर दुसरा टॅग घेताना अडचण येते. जुन्या गाड्यांच्या बाजारात हे वाद नेहमीचे आहेत.

त्यामुळे चावी देण्याआधी बँकेकडे टॅग बंद करण्याची विनंती नोंदवावी, अनामत आणि शिल्लक परत मागावी आणि टॅग काचेवरून काढून टाकावा. काच बदलली तरीही तेच. जुन्या काचेवरचा टॅग काढून नव्या काचेवर लावता येत नाही, त्याच बँकेकडून बदली टॅग घ्यावा लागतो. विमा कंपनीकडून काचेचे पैसे मिळाले तरी हे काम मालकाचेच राहते.

गाडी दारात उभी, आणि टोल कापला?

हे अशक्य वाटते, पण घडते. टॅग वाचला न गेल्यास नाक्यावरील कर्मचारी गाडीचा क्रमांक हाताने टाकू शकतो. एक अंक चुकला की पैसे दुसऱ्याच्याच टॅगमधून जातात. केंद्राने २०२५ मध्ये दिलेल्या माहितीनुसार, अशा किमान २५० प्रकरणांत टोल वसुली करणाऱ्यांना दंड झाला असून, प्रत्येक चुकीच्या वजावटीसाठी एक लाख रुपये किंवा अधिक दंड ठेवण्यात आला आहे. तक्रार टॅग देणाऱ्या बँकेकडे किंवा १०३३ वर करता येते. नाक्यावर गाडीचा फोटो टिपला जात असल्याने तपासात तो निर्णायक ठरतो. संदेशातील नाक्याचे नाव, तारीख आणि वेळ पुसू नये. त्या वेळी गाडी सोसायटीच्या पार्किंगमध्ये असल्याचे सीसीटीव्ही चित्रण मिळाले तर उत्तम, पण ते फार दिवस साठवलेले नसते, त्यामुळे मागणी लवकर करावी.

अडथळाच नसेल तर?

गुजरातमधील राष्ट्रीय महामार्ग ४८ वरील चोर्यासी नाका आणि हरियाणातील राष्ट्रीय महामार्ग ४४ वरील घरौंडा नाका येथे अडथळामुक्त वसुलीसाठी ऑगस्ट २०२५ मध्ये करार झाले. यात गाडी थांबत नाही. वरच्या कमानीवरील रीडर टॅग वाचतो आणि कॅमेरे नंबर प्लेट टिपतात. पैसे न मिळाल्यास मालकाला ई-नोटीस जाते. ती रक्कमही न भरल्यास टॅग निलंबित होणे आणि ‘वाहन’ प्रणालीशी निगडित कारवाई होणे, अशी ही रचना आहे. जानेवारी २०२६ मधील नियमदुरुस्तीनुसार थकीत टोल असलेल्या गाडीला मालकी हस्तांतरणासाठीचे ना हरकत प्रमाणपत्र मिळण्यात अडचण येऊ शकते.

म्हणजे आज ‘टॅग ब्लॅकलिस्ट आहे’ हे सांगायला निदान नाक्यावर एक माणूस उभा असतो. कमानीखालून गाडी तशीच पुढे जाईल आणि बिघाड कळेल तो थेट नोटीस आल्यावर. ती आरटीओकडील नोंदीत असलेल्या मोबाइल क्रमांकावर येईल. तो क्रमांक चालू आहे का, हे ‘परिवहन’ संकेतस्थळावर पाहता येते आणि जुना असेल तर तिथेच बदलताही येतो.